पहिल्या रांगेतली जागा

धर्मा घरतचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. आठेक वर्षांपूर्वी पनवेलच्या नव्या विमानतळासाठी भराव टाकायचं काम चालू होतं, तेव्हा धर्माचा स्वतःचा डंपर त्या खेपांवर होता. एका दुपारी मागचा फाळका अडकला. धर्मा खाली उतरला, कडी हातोडीने ठोकली आणि फाळका सरळ त्याच्या गुडघ्यावर आला. चूक कोणाची विचारली तर तो म्हणायचा, "माजीच. दुसऱ्या कोनाची?" तीन ऑपरेशनं झाली. शेवटी डॉक्टरांनी सळई घालून मांडीचं आणि नडगीचं हाड कायमचं जोडून टाकलं. पाय वाचला, पण दांड्यासारखा ताठ राहिला.

डंपर विकला. हाशिवऱ्याच्या घराच्या ओटीवर धर्मा पाय लांब करून बसू लागला. डोक्यावरून विमानं जायला लागली तेव्हा तो हात वर करून सांगायचा, "त्या पट्टीखाली माज्या डंपरची माती हाय. एक दिस तिच्यावरनंच उडनार."

त्याचा जोडीदार मोरू शेजारी बसलेला असायचा. मोरूनेही तीस वर्षं ट्रक चालवला होता. अंगाने आडवा, पिंढऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी. तो म्हणायचा, "उडशील रं. पन पाय खिडकीतनं भायेर काढावा लागंल."

दोघं हसायचे. आतून धर्माची बायको कमळही हसायची.

हे हसण्यावारी न नेणारी घरात एकच होती, ती म्हणजे नेत्रा. धर्माची एकुलती एक मुलगी. लोकांना सुट्टीवर नेणाऱ्या एका विमान कंपनीत ती सहा वर्षं केबिनमध्ये काम करत होती. फुकेत, क्राबी, माले, बाली. नव्या लग्नाची जोडपी, गटाने निघालेले व्यापारी, आयुष्यात पहिल्यांदाच पासपोर्ट काढलेली म्हातारी माणसं. त्यांना पाणी द्यायचं, पट्टा बांधून द्यायचा, कान दुखले की गोळी द्यायची. गेल्या वर्षी ती केबिनची प्रमुख झाली. पनवेलहून फुकेतची विमानं सुरू झाल्यावर तिने घरच्यांसाठी मिळणारी सवलतीची दोन तिकिटं काढली.

तिने घाई केली नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी तिने बापाला ओटीवरच्या खुर्चीत ताठ बसवलं आणि टेपने कंबरेपासून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं. मग कामावर असताना विमानातल्या पहिल्या रांगेपासून पुढच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. चार बोटं जागा उरत होती.

"बसतोस बाबा तू," घरी येऊन ती म्हणाली. "पहिली रांग, कडेची सीट. आय त्याच रांगेत, खिडकीशी."

"चार बोटं?" धर्माने विचारलं.

"चार बोटं."

"बास झाली. डंपरात मना तेवडी पन नव्हती."

एक गोष्ट नेत्राने त्याला सांगितली नव्हती. कंपनीने आपल्या विमानांत एकेक रांग वाढवायला घेतली होती. पहिली रांग पुढच्या भिंतीजवळ सरकवली, सीटा पातळ केल्या, त्यांची पाठ मागे जायची सोय काढून टाकली. अशी तीन विमानं तयार झाली होती आणि ती बालीला जात होती. फुकेतला अजून जुनीच विमानं होती.

त्या सीटांशी नेत्राचा संबंध त्याआधीच आला होता. दीड वर्षापूर्वी नमुन्याच्या सहा सीटा प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये मांडल्या होत्या आणि बारा जणांना बसवून मत विचारलं होतं. नेत्रा त्यांतली एक. तिने कागदावर लिहिलं, की चार तासांच्या वर या सीटवर बसणं वयस्कर माणसांना आणि पायाचं दुखणं असणाऱ्यांना जड जाईल. तिची वरिष्ठ प्राप्ती तो कागद घेऊन तिच्याकडे आली. प्राप्ती वाईट बाई नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हणाली, "नेत्रा, सीटा ठरल्यात गं. हे फक्त फायलीला लावायला आहे. बढतीची यादी पुढच्या आठवड्यात वर जातेय, तुझं नाव आहे त्यात. कशाला उगाच नजरेत येतेस?"

तिने कोरा कागद पुढे ठेवला. नेत्राने त्यावर एकच शब्द लिहिला, 'समाधानकारक', आणि सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी नेत्राने विमानाचा नंबर पाहिला. जुनंच होतं. धर्माने नवी पँट शिवून घेतली होती. गावात शंभर घरांना तरी माहीत होतं की धर्मा उद्या उडणार. मोरूने त्याला स्वतःची काळी टोपी दिली, तिकडे ऊन लागेल म्हणून. धर्माचा पुतण्या ओंकार टेम्पो घेऊन आला. पुढची सीट पार मागे सारून त्याने काकाला बसवलं आणि सगळे वडखळ, पेण करत पनवेलला पोचले. नेत्रा आधीच गणवेशात तिथे होती. ड्यूटी बदलून तिने ते विमान मागून घेतलं होतं.

उड्डाणाआधी दोन तास तिला कळलं की जुन्या विमानात बिघाड निघालाय आणि बालीचं एक विमान फुकेतला पाठवताहेत.

ती धावत विमानात गेली. पहिल्या रांगेपुढे भिंत होती आणि भिंत जवळ होती. तिने टेप काढला नाही. मोजायची गरजच नव्हती.

तरीही ती थांबली. बाहेर जाऊन बापाला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तिला वाटलं, बघू, काहीतरी जमेल. या वाटण्याबद्दल पुढे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

धर्माला चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं. आत शिरताना त्याने दाराच्या पत्र्याला हात लावून नमस्कार केला. कमळ खिडकीशी सरकली, मधे एक तरुण बसला होता, कडेला धर्मा. तो बसला, मागे सरकला, आणि त्याची टाच भिंतीला टेकली. अजून एक वीत मागे सरकायला हवं होतं आणि सीटची पाठ मागे होत नव्हती.

"पाय बाहेर येतोय मॅडम," नेत्राच्या हाताखालचा ऋत्विक कानाशी म्हणाला. पाय वाटेत येत होता. वाट मोकळी नसली तर विमान हलत नाही, हे लोकांना सांगण्यात तिची सहा वर्षं गेली होती.

त्यांनी सगळं करून पाहिलं. पाय तिरका करून पाहिला, उशी काढून पाहिली. संकटकाळच्या दाराशी असलेल्या रांगेत जागा होती, पण ज्याला चटकन उठता येत नाही त्याला तिथे बसवत नाहीत. तीन सीटांवर आडवं बसवावं तर विमान भरलेलं. मधला तरुण उठून उभा राहिला, म्हणाला, "मी कुठेही बसतो मॅडम." पण 'कुठेही' असं काही उरलंच नव्हतं.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे चलो ना यार!"

तेव्हा धर्माने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला आणि दाबायला सुरुवात केली.

"बसतंय, बसतंय," तो म्हणाला. "जरा येल दे बाय."

"अवो, न्हाय वाकायचा तो," कमळ म्हणाली.

"तू गप."

तो दाबत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम निघून मोरूच्या टोपीच्या कडेत जिरला. गळ्याची शीर उभी राहिली. एकदा त्याच्या तोंडून बारीक आवाज आला आणि त्याने ओठ मिटून घेतले. नेत्राने खाली बसून त्याचे हात धरले.

कॉकपिटमधून फोन वाजला. कप्तान म्हणाला, "काय ठरलं? बारा मिनिटं झाली. केबिन तुझी आहे, निर्णय तुझा."

तिने फोन ठेवला. बापाशी ती जन्मभर 'तू'ने बोलली होती. आता वळली तेव्हा तिच्या तोंडून प्रवाशांशी बोलायची भाषा आली.

"बाबा, तुम्हाला उतरावं लागेल."

धर्माने तिच्याकडे पाहिलं. तो रागावला नाही. त्याला बहुधा आधी कळलंच नाही की हे कोणाला सांगितलं. मग त्याने गुडघ्यावरचे हात काढले.

"व्हय," तो म्हणाला.

कमळ उठायला लागली. त्याने तिला बसवलं. "तू जा. पोरीनं येवडा केला हाय. दोघंबी उतरलो तर तिना काय वाटंल? जा तू."

"तुमच्याशिवाय मी काय करू तिकडं?"

"समुद्र बघ," धर्मा म्हणाला.

उभं राहून त्याने मागच्या माणसांकडे पाहिलं आणि हात जोडले. "माफी करा. माज्यामुलं येल झाला."  चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या पोऱ्याने त्याला वळवलं. दार ऋत्विकने लावलं. ते लावायची नेत्राला हिंमत झाली नाही.

विमान उडालं. कमळ खिडकीतून खाली बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. पदराखाली केळीच्या पानात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. त्यांची गाठ सोडायचंही तिच्या मनात आलं नाही. साडेचार तास नेत्रा ट्रॉली घेऊन तिच्या शेजारून गेली आणि आली.  फुकेतला तीन दिवस मायलेकी एका खोलीत राहिल्या. एकदा किनाऱ्यावर गेल्या, वाळूत बसल्या. कमळ म्हणाली, "आपल्यासारकाच हाय," आणि उठली.

धर्मा घरी गेला नव्हता. ओंकार विमानतळाबाहेर थांबलेला होता. काकाला परत येताना पाहून त्याने टेम्पोचं दार उघडलं. धर्मा म्हणाला, "हाशिवऱ्याला नको. थळला घे." थळला त्याची बहीण रंगू राहायची. तिच्या मागच्या खोलीत तो चार दिवस राहिला. दिवसा बाहेर पडला नाही. रंगूने विचारलं, "दादा, कोनाला भितोस रं तू? काय चोरी केलीस का?" तो म्हणाला, "सगल्या गावाला सांगून निघालेलो गो."

चौथ्या दिवशी मायलेकी परतल्या, तेव्हा आधी निरोप देऊन तो वडखळच्या नाक्यावर त्यांच्या गाडीत चढला. तिघं एकत्र गावात शिरले.

लगेच ओटीवर माणसं जमली. कमळने चॉकलेटं वाटली. मोरू पुढे आला, धर्माच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "सांग रं. कसा होता इमान? पाय कुटं ठेवलास?"

नेत्रा दारात उभी होती. बाप काय बोलतो ते तिने ऐकलं.

"पाय?" धर्मा म्हणाला. "असा लांब करून बसलो. म्हऊ सीट. मागं टेकायला येतं. पोरी पानी आनून देतात. झोपच लागली मना, कवा पोचलो कललंच न्हाय."

"खरं?"

"मंग? तुना सांगतो मोरू, खाटंवर पन असा आराम न्हाय."

लोक हसले. कमळ आत निघून गेली. नेत्रा खोटं पाडू शकली असती. बापाचा चेहरा फार दिवसांनी असा मोकळा दिसत होता. तीही आईच्या मागोमाग आत गेली.

मोरूच्या मनात ते बसलं. त्याचा मुलगा अल्पेश न्हावाशेव्याला कंटेनरच्या ट्रेलरांचं काम बघायचा. तो दोन वर्षं बापाला सांगत होता, की बाबा, एकदा बालीला जाऊ. मोरूच अडून बसलेला. इतका वेळ बसलो की पाय सुजतात, म्हणायचा. आता तोच म्हणाला, "काढ तिकिटा. धर्मा ताठ पाय घेऊन जाऊन आला, मना काय झाला?"

नेत्राला हे कळलं तेव्हा तिकिटं निघालेली होती. ती त्याच्या घरी गेली.

"मोरूकाका, बालीला आठ तास आहेत. मधेमधे उठून चाल. सीट अरुंद आहे."

"तुजा बाप बोलला म्हऊ हाय."

ती काय बोलणार होती? म्हणाली, "तरीपण उठत जा. पाणी पी भरपूर."

मोरू मे महिन्यात बालीला निघाला. त्या विमानावर नेत्रा नव्हती. नंतर अल्पेशने जे सांगितलं ते असं. मोरूला मधली सीट आली. कडेला एक परका माणूस झोपलेला होता. त्याला कसं उठवायचं म्हणून मोरू आठ तास जागचा हलला नाही. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी प्यायला नाही. अल्पेश मागच्या रांगेत होता. त्याने दोनदा विचारलं, "बाबा, ठीक हाय ना?" दोन्ही वेळा मोरूने अंगठा वर केला. येतानाही तसंच. घरी आल्यावर डावी पिंढरी दगडासारखी झाली. मोरू म्हणाला, परवासाचा शीण हाय, उतरेल. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दात घासताना त्याला धाप लागली. अलिबागच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, पायातली गुठळी फुप्फुसात गेली. प्रवासाने झालं का, असं अल्पेशने विचारलं. डॉक्टर म्हणाले, शिरांचा आजार आधीपासून होता, नक्की कसं सांगणार?

धर्मा मैतीला गेला. परत आल्यावर दोन दिवस जेवला नाही. नेत्रा रजा टाकून घरी आली. तो ओटीवर बसला होता. ती त्याच्या पायाशी बसली आणि तिने त्याला तो कागद सांगितला. प्राप्ती, कोरं पान, एक शब्द, सही. सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

धर्माने ऐकून घेतलं. 

"तू खरा लिवला असतास तर त्यांनी सीटा लावल्या नसत्या?"

"लावल्या असत्या."

"मंग."

"पण मी लिहिलं असतं, बाबा."

"व्हय," तो म्हणाला. "आनि मी खरा बोललो असतो."

 आतून कमळने जेवायला हाक मारली. कोणी उठलं नाही.

तेराव्यानंतर धर्मा काठी घेऊन मोरूच्या घरी गेला. नेत्राही मागोमाग गेली. मोरूची बायको केसर पडवीत तांदूळ निवडत होती. धर्मा उभाच राहिला. खाली बसायला त्याला नेहमीच वेळ लागायचा.

"वैनी," तो म्हणाला, "मी इमानात गेलोच न्हाय. मना उतरवला त्यांनी. चार दिस थळला होतो. मोरूला मी खोटा बोललो."

केसरचे हात थांबले. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"आता कशाला सांगतास?"

धर्माने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"बालीला जाताना तो बोलला," केसर म्हणाली, "धर्मानं सांगितलाय म्हंजे बरोबर असंल. तेवड्यावर गेला तो. मी नको बोलत होते." मग तिने नेत्राकडे पाहिलं. "आनि तुना सगला ठावं होता. तू आलीस, पानी पी बोललीस आनि गेलीस."

नेत्राने मान खाली घातली. केसर पुन्हा तांदूळ निवडू लागली. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. थोड्या वेळाने बापलेक निघाले. अल्पेश फाटकाशी भेटला. तो बाजूला झाला आणि त्यांना वाट दिली, इतकंच.

नेत्राने त्यानंतर कंपनीला चार पानी अर्ज लिहिला. अंतरं लिहिली, मोरूचं नाव लिहिलं, आपला जुना कागद कसा बदलला तेही लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, की सीटा सर्व नियमांनुसार आहेत आणि निवड करताना केबिनमधल्या अनुभवी कर्मचाऱ्यांचं मत घेतलेलं आहे. सोबत त्या बाराही कागदांच्या प्रती जोडल्या होत्या. सातव्या कागदावर तिची सही होती. महिनाअखेरीस तिचं प्रमुखपद काढून घेतलं. प्राप्तीने एकदा फोन केला. "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," असं म्हणून ती रडू लागली. नेत्राने तिची समजूत घातली.

नोकरी तिने सोडली नाही. धर्माची औषधं, घर, सगळं तिच्यावरच होतं. नव्या रांगांची विमानं आता सगळ्याच मार्गांवर आली आहेत. बालीच्या फेरीत ती दर तासाला रांगांमधून जाते आणि वयस्कर माणसांना उठून चालायला सांगते. काही उठतात. ट्रॉली आली की त्यांना परत बसावं लागतं.

धर्मा ओटीवर बसेनासा झाला. तो मागच्या दाराशी, खाडीकाठच्या खाजणाच्या बाजूला बसतो. तिकडूनही विमानांचा आवाज येतो. गावातलं कोणी आता त्याला काही विचारत नाही. केसर रस्त्याने जाताना दिसली तर तो आत जातो. ताठ पायाने उंबरा ओलांडायला वेळ लागतो. बऱ्याचदा तो आत पोचायच्या आधीच ती निघून गेलेली असते.